कावळा बसला आणि फांदी मोडली: ‘द क्रो’च्या दुसऱ्या भागामागची गोष्ट

३० ऑगस्ट १९९६ला ‘द क्रो: सिटी ऑफ एंजल्स’ अमेरिकेत लागला आणि पहिल्याच आठवड्यात तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर गेला. आज हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. ती गर्दी या सिनेमासाठी नव्हतीच, ती दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या भागाच्या प्रेमापोटी आली होती. बाहेर पडलेल्यांनी मित्रांना काय सांगितलं असेल ते पुढच्या आकड्यांत दिसतं. अमेरिकेतली कमाई १ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास येऊन अडली. पहिल्या भागानं तिथेच ५ कोटींच्या वर कमावले होते.

दुसरा भाग फसला, यात नवल काय, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येईल. पण श्रेयनामावली वाचली की ते इतकं सोपं राहत नाही. दिग्दर्शक टिम पोप. ऐंशीच्या दशकात ‘द क्युअर’ या बँडचे कितीतरी गाजलेले म्युझिक व्हिडिओ याच माणसानं केले होते. पटकथा डेव्हिड गॉयरची, ज्यानं दोनच वर्षांत ‘ब्लेड’ लिहिला आणि पुढे ‘बॅटमॅन बिगिन्स’. नायक व्हिन्सेंट पेरेझ, फ्रेंच सिनेमातला नावाजलेला नट. कॅमेऱ्यामागे जाँ-इव्ह एस्कोफिए. यातला एकही माणूस पाट्या टाकणारा नव्हता. मग बिघडलं कुठे? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, थेट १९७८पर्यंत.

त्या वर्षी डेट्रॉइटमधल्या जेम्स ओबार या तरुणाची वाग्दत्त वधू एका दारूड्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली. ओबार अनाथपणातच वाढलेला, त्यामुळे ‘आपलं माणूस’ म्हणावं असं त्याला फारसं कुणी नव्हतं. तो मरीन दलात भरती झाला, जर्मनीत गेला आणि १९८१च्या सुमारास तिथे त्यानं एक चित्रकथा काढायला घेतली. डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्रातली बातमी त्याच्या डोक्यात होती: वीस डॉलरच्या अंगठीसाठी एका जोडप्याचा खून. दोन्ही दुःखं त्यानं एकत्र कालवली आणि एरिक जन्माला आला. आपल्याला आणि आपल्या प्रेयसीला, शेलीला, मारणाऱ्यांना शोधत मरणातून परत आलेला एरिक.

ही चित्रकथा १९८९मध्ये कॅलिबर प्रेस या छोट्या प्रकाशनानं छापली. काळीपांढरी चित्रं, मधेमधे कविता, गाण्यांच्या ओळी. ओबारच्या कानात तेव्हा कुठलं संगीत वाजत होतं ते लपत नाही. पोलिसांची नावं त्यानं अल्ब्रेक्ट आणि हूक ठेवली, ती ‘जॉय डिव्हिजन’ बँडच्या दोन वादकांवरून. एरिकच्या हाडकुळ्या, सळसळत्या देहासाठी त्यानं गायक इगी पॉप डोळ्यांपुढे ठेवला. हे इगी पॉपचं नाव लक्षात असू द्या.

सूड उगवून मन हलकं होतं, असं काही ओबारला अनुभवाला आलं नाही. पानं काढता काढता आपण आणखीच खचत गेलो, असं तो पुढे मुलाखतींत सांगत राहिला. चित्रकथा वाचताना ते जाणवतंही. खून पटापट उरकले जातात, पण रिकाम्या घरात बसून आठवणींत बुडालेल्या एरिकची पानं संपता संपत नाहीत. कथा त्या पानांची आहे, खुनांची नाही. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी या कावळ्याला हात घातला, त्यांतल्या बहुतेकांना नेमकं हेच दिसलं नाही.

पहिल्या सिनेमाला ते दिसलं होतं. दिग्दर्शक ॲलेक्स प्रोयस ऑस्ट्रेलियातून आलेला, जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओंत तयार झालेला. हॉलिवूडमधला हा त्याचा पहिलाच चित्रपट. कथेला नियम या सिनेमानंच घालून दिला: माणूस मेला की कावळा त्याच्या आत्म्याला पलीकडे नेतो, पण दुःख फारच मोठं असेल तर आत्म्याला चैन पडत नाही आणि तोच कावळा त्याला हिशेब पुरा करायला परत आणतो. पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे राहिलेली इच्छा नातेवाइकांनी ओळखायची असते. इथे मेलेला स्वतःच निघतो.

एरिकची भूमिका ब्रँडन लीला मिळाली. ब्रूस लीचा मुलगा, वय २८. ३१ मार्च १९९३ला नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या स्टुडिओत एरिकच्या खुनाचा प्रसंग चित्रित होत होता. एरिक हातात सामानाची पिशवी घेऊन घरात शिरतो आणि समोरचा गुंड गोळी झाडतो, एवढाच प्रसंग. ली कोसळला तो उठला नाही. कित्येक तासांच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी तो गेला. सतरा दिवसांनी त्याचं लग्न होतं.

मग शापाच्या बाता सुरू झाल्या. शाप वगैरे काही नव्हता, हलगर्जी होती, आणि ती कशी झाली हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रिव्हॉल्व्हर जवळून दाखवायचं तर त्यात खऱ्यासारखी दिसणारी काडतुसं लागतात. अशी डमी काडतुसं सेटवरच खऱ्या काडतुसांतून बनवली गेली: गोळी उपटली, दारू ओतून टाकली, गोळी पुन्हा बसवली. बुडातला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टिकली, मात्र तशीच जिवंत राहिली. कधीतरी चाप ओढला गेला. दारू नसली तरी टिकलीच्या धक्क्यानं गोळी सुटली आणि नळीत अर्ध्यावर रुतून बसली. नळी कुणी तपासली नाही. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरली. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण दारू पुरेपूर असते. तिनं रुतलेली गोळी बाहेर फेकली. तपास झाला, कुणावरही फौजदारी खटला झाला नाही.

चित्रीकरण बहुतेक संपलेलं होतं. वितरणाची जबाबदारी घेतलेल्या पॅरामाउंटनं अंग काढून घेतलं आणि सिनेमा मिरामॅक्स या कंपनीकडे गेला. राहिलेले प्रसंग लीच्या मित्राला, स्टंट डबल चॅड स्टाहेल्स्कीला उभं करून पुरे केले. काही ठिकाणी त्याच्या अंगावर लीचा चेहरा संगणकानं बसवला. मेलेला एरिक आपल्या उद्ध्वस्त घराच्या दारातून आत येतो, त्या दृश्यातला ली मुळात भर पावसात एका गल्लीतून चालत होता. तिथून त्याला उचलून दारात आणला आणि पावसाचा मेळ बसावा म्हणून दारावरही पाणी ठिबकवलं. हे माहीत झाल्यावर ते दृश्य पूर्वीसारखं पाहता येत नाही.

मे १९९४मध्ये सिनेमा लागला. शेवटी पडद्यावर ब्रँडन आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या नावे अर्पणपत्रिका येते. गाण्यांचा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘द क्युअर’नं खास या सिनेमासाठी गाणं केलं, ‘नाईन इंच नेल्स’नं ‘जॉय डिव्हिजन’चं गाणं नव्यानं गायलं. ओबारच्या कानातलं संगीत असं फिरून त्याच्याच गोष्टीत आलं.

आता यशाची कारणं मोजू. एका माणसाचं खरं दुःख, एका नटाचा खरा मृत्यू, त्या वर्षांतल्या तरुणांचा काळवंडलेला मूड, तसंच संगीत, आणि पावसानं भिजलेलं एक खोटं शहर. हे सगळं एकत्र येणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडणं. मिरामॅक्सनं मात्र निष्कर्ष काढला की फांदी कावळ्यानंच मोडली. म्हणजे पुन्हा कावळा बसवला की पुन्हा फांदी मोडणार.

मिरामॅक्सची ‘डायमेन्शन’ ही शाखा तेव्हा भयपटांच्या पुढच्या भागांवरच चालत होती, आणि दिग्दर्शकाच्या हातून सिनेमा काढून तो पुन्हा कापायचा, ही तिथली रीतच झाली होती. १९९५चा ‘हॅलोवीन’ मालिकेतला सहावा भाग असाच कापाकापीतून गेला. १९९६च्या मार्चमध्ये आलेल्या ‘हेलरेझर: ब्लडलाइन’च्या दिग्दर्शकानं तर नावच काढून घेतलं. पडद्यावर ‘ॲलन स्मिदी’ हे नाव आहे, म्हणजे आपलं नाव नको असलेल्या दिग्दर्शकांसाठी हॉलिवूडनं ठेवलेलं टोपणनाव. पाचच महिन्यांनी ‘सिटी ऑफ एंजल्स’ आला.

पोप आणि गॉयरला काय करायचं होतं? ब्रँडन लीचा मान राखायचा तर त्याची नक्कल होता कामा नये, पहिल्यापासून होईल तेवढं लांब जायचं, असा त्यांचा विचार होता. म्हणून नायक एरिकसारखा रॉक संगीतकार नाही, मेकॅनिक आहे. नाव ॲश. सूड प्रेयसीचा नाही, डॅनी या लहान मुलाचा आहे. एक खून या दोघांच्या नजरेस पडतो, म्हणून बापलेकांना गोळ्या घालून धक्क्यावरून पाण्यात ढकलून देतात. शहर डेट्रॉइट नाही, लॉस एंजेलिस. पहिल्या भागातली एरिकची छोटी मैत्रीण सारा आता मोठी झाली आहे, टॅटू काढते (भूमिकेत मिया कर्शनर). मूळ कथेत शेवटी ॲशची सुटका नव्हती. साराला वाचवायला तो मागे थांबतो आणि म्हणून दोन जगांच्या मध्येच भटकत राहतो. हा शेवट कडू होता आणि ओबारच्या जातकुळीचा होता.

स्टुडिओला पहिल्यासारखाच सिनेमा हवा होता. संकलनात तो तसा कापून घेतला गेला. आता जे हाती आहे त्याची पहिल्या भागाशी ताडून पाहणी केली तर हसू येतं. तिथे चार गुंड एकेक करून मरतात आणि मग त्यांचा म्होरक्या; इथेही चार आणि मग म्होरक्या. तिथे हॅलोवीनची आदली रात्र, इथे मृतात्म्यांचा सण. तिथे शेवटी कावळा जखमी होतो आणि नायकाची शक्ती जाते. इथे कावळा मरतो, शक्ती जाते. तिथे सारा संकटात, इथेही सारा संकटात. आणि ॲशला शेवटी शांती मिळते, कारण एरिकला मिळाली होती. सारा मात्र मरते.

एक प्रसंग बारकाईनं बघा. पहिल्या भागात एरिक आपल्या जुन्या घरात येतो, तिथला एक मुखवटा त्याला दिसतो, आणि जुन्या दिवसांच्या आठवणी उसळत असताना तो आरशासमोर बसून स्वतःच्या हातानं तसाच चेहरा रंगवतो. पांढऱ्या रंगामागे त्याचं घर असतं, शेलीचं टेबल असतं. दुसऱ्या भागात हाच चेहरा सारा ॲशला रंगवून देते. का? तर कावळ्याचा माणूस असा दिसतो म्हणून. त्याला स्वतःला या चेहऱ्याशी काही देणंघेणं नाही. गणवेश वाटून दिल्यासारखं होतं ते. पेरेझ बिचारा जीव तोडून काम करतो, पण त्याला भूमिका मिळालीच नाही, दुसऱ्याची मापं मिळाली.

आणि इगी पॉप? पहिल्या भागात त्याला एका गुंडाची भूमिका द्यायचं घाटत होतं, तारखा जमल्या नाहीत. दुसऱ्या भागात तो कर्व्ह नावाचा गुंड झाला. ज्याच्या देहावरून मूळ नायक काढला गेला, तोच आता कावळ्याच्या हातून मरायला आला. या विलक्षण योगायोगाचं सिनेमानं काहीही केलं नाही. तरी कर्व्हचं मरण हा चित्रपटातला मला सर्वांत आवडलेला तुकडा: तो पाण्यात असताना वर पुलावरून पाकळ्या पडतात आणि त्यांचा कावळा होतो. एस्कोफिएच्या पिवळट, धुरकट उजेडात अशी आणखी दोन-चार दृश्यं आहेत. त्यांवरून अंदाज येतो की पोपच्या डोक्यात वेगळाच सिनेमा होता. पुढे पोप आणि गॉयर दोघांनीही या चित्रपटापासून हात झटकले.

नंतरचं थोडक्यात. १९९८मध्ये टीव्ही मालिका आली, एका हंगामात आटोपली. तिच्या चित्रीकरणातही स्फोटाच्या दृश्यात स्टंट विभागातला एक माणूस दगावला. २०००चा ‘सॅल्व्हेशन’ भारतात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या भरत नल्लुरीनं केला. निरपराध असून विजेच्या खुर्चीत मारलेल्या तरुणाची ही गोष्ट, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या भागापेक्षा बरीच घट्ट बांधलेली. पण ‘सिटी ऑफ एंजल्स’नं पत घालवली होती, त्यामुळे तो थेट व्हिडिओवर गेला. २००५च्या ‘विकेड प्रेअर’बद्दल न बोललेलं बरं.

मग २००८पासून पहिला सिनेमाच नव्यानं करण्याच्या घोषणा सुरू झाल्या. दिग्दर्शक आले-गेले, ब्रॅडली कूपरपासून जेसन मोमोआपर्यंत नायकांची नावं आली-गेली. अखेर २०२४च्या ऑगस्टमध्ये रूपर्ट सँडर्सचा चित्रपट बिल स्कार्सगार्डला घेऊन आला. खर्च ५ कोटी डॉलरच्या घरात, जगभरची कमाई त्याच्या निम्म्यावर. प्रोयसनं या नव्या आवृत्तीला जाहीर विरोध केला होता: हा ब्रँडनचा वारसा आहे, त्याला हात लावू नका.

ज्या स्टंट डबलच्या अंगावर लीचा चेहरा बसवला गेला, त्या चॅड स्टाहेल्स्कीनं २०१४मध्ये दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला. बायको गेलेला एक माणूस, तिनं मरताना मागे ठेवलेलं कुत्र्याचं पिल्लू, आणि ते मारणाऱ्यांचा सूड. रंगवलेला चेहरा नाही, पक्षी नाही, परलोक नाही. त्या ‘जॉन विक’चे आजवर चार भाग झाले.