अतिप्रदान वसुली (निवृत्तिपूर्व)

अतिप्रदान वसुली : हक्कापेक्षा जास्त दिले गेलेले वेतन, भत्ता किंवा योजनेचा लाभ शासनाने परत घेण्याची कार्यवाही. या नोंदीत निवृत्तीच्या तोंडावर निघणाऱ्या वसुलीचा विचार मुख्यतः कोल्हापूर जिल्ह्यातील कर्मचारी, शिक्षक व योजनांचे लाभार्थी यांच्या संदर्भात केला आहे.

राज्य शासनाचा कर्मचारी ५८ व्या वर्षी, तर गट ड मधील ६० व्या वर्षी निवृत्त होतो. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांची तयारी नियमाप्रमाणे दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी. त्या ओघात सेवापुस्तक वेतननिश्चिती तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाकडे जाते आणि बहुतेक अतिप्रदाने तिथेच उघडकीस येतात. वेतननिश्चितीत एक टप्पा जास्त धरला गेलेला असतो, कालबद्ध पदोन्नतीचा (ठरावीक सेवेनंतर वरच्या वेतनश्रेणीचा) लाभ आधीच्या तारखेपासून दिलेला असतो, किंवा संगणक परीक्षा मुदतीत उत्तीर्ण न होताही वेतनवाढ चालू राहिलेली असते. पथकाचा शेरा पडला की कार्यालय तक्ता करून रक्कम काढते. दरमहा ९०० रुपये जास्त गेले असे धरले, तरी बारा वर्षांत महागाई भत्ता सोडून १,२९,६०० रुपये होतात. चूक लिपिकाची वा वेतननिश्चिती करणाऱ्या कार्यालयाची असते; ज्याच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) रक्कम वळती होते, त्याला बहुधा त्या चुकीचा पत्ताही नसतो.

अशी वसुली करता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय दीर्घकाळ दोन दिशांनी गेले. श्यामबाबू वर्मा (१९९४) व साहिब राम या प्रकरणांत कर्मचाऱ्याने खोटी माहिती दिलेली नसल्याने वसुली रोखली गेली. सय्यद अब्दुल कादिर (२००९) प्रकरणात बिहारमधील शिक्षकांना तोच दिलासा मिळाला. चंडीप्रसाद उनियाल (२०१२) निर्णयाने मात्र हा करदात्यांचा पैसा असून तो घेणाऱ्याचाही नाही आणि देणाऱ्याचाही नाही, अशी भूमिका घेतली. हा विरोध खरा की वरवरचा, हा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. जुलै २०१४ मध्ये त्या पीठाने विरोध नसल्याचे सांगितले : आधीचे दिलासे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली पूर्ण न्यायासाठी असलेल्या विशेष अधिकारातून दिलेले, तर उनियाल निर्णय कायद्याचे तत्त्व सांगणारा. या उत्तराने अभ्यासकांचे पूर्ण समाधान झालेले दिसत नाही, कारण जुन्या निकालांत त्या अनुच्छेदाचा आधार सर्वत्र स्पष्टपणे घेतलेला नाही.

व्यवहारात महत्त्व आहे ते १८ डिसेंबर २०१४ च्या ‘पंजाब राज्य वि. रफीक मसीह’ या निर्णयाला. त्यात पाच परिस्थितींत वसुली अनुज्ञेय नसल्याचे म्हटले आहे : कर्मचारी वर्ग ३ वा ४ चा असणे, तो निवृत्त झालेला असणे किंवा वसुली आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारा असणे, जादा रक्कम आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली असणे, वरच्या पदाचे काम करून घेऊन त्याचे वेतन दिलेले असणे, आणि वसुली अन्य कारणाने अन्यायकारक ठरणे. वर्ष मोजायचे ते वसुली आदेशाच्या तारखेपासून. म्हणून आदेशावरची तारीख आणि जावक क्रमांक आधी पाहावा. केंद्राने २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने ही सूत्रे स्वीकारली.

खरा वाद हमीपत्राचा आहे. ‘जगदेव सिंग’ (२९ जुलै २०१६) प्रकरणात सुधारित वेतनश्रेणी स्वीकारताना जादा रक्कम परत करण्याची हमी दिली असल्याने निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याकडूनही वसुली मान्य झाली, मात्र दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने. वेतन आयोग लागू होताना सुधारित वेतनश्रेणीच्या विकल्पासोबत असा छापील कागद जवळपास प्रत्येकाकडून सही करून घेतला जातो. तो सर्वांना सरसकट लावला तर रफीक मसीहचे संरक्षण कागदावरच राहील. हमी त्याच वेतननिश्चितीपुरती धरावी आणि निवृत्तीच्या वेळी अडवून घेतलेल्या हमीला महत्त्व देऊ नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘थॉमस डॅनियल’ (२ मे २०२२) प्रकरणात केरळमधील निवृत्त शिक्षकाला दिलासा मिळाला, तोही कर्मचाऱ्याची लबाडी नव्हती या मुद्द्यावर.

राज्यात महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ निवृत्तिवेतनातून वसुलीची मुभा देतो. पण म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय नाही. हप्तेही असे पाडावे लागतात की निवृत्तिवेतन किमान मर्यादेखाली जाणार नाही.

दाद कुठे मागायची हे नोकरीवर ठरते. महसूल, पोलीस आदी राज्य कर्मचारी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे म्हणजे ‘मॅट’मध्ये जातात. जिल्हा परिषदेचे कर्मचारी तिथे जाऊ शकत नाहीत; त्यांना व अनुदानित शाळांतील शिक्षकांना उच्च न्यायालयातच रिट याचिका करावी लागते. ऑगस्ट २०२५ पर्यंत त्यासाठी गारगोटी–चंदगडच्या शिक्षकालाही मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याला जोडले आहेत. दरमहा हजार–पंधराशेच्या हिशेबासाठी मुंबईची वारी न परवडल्याने वसुली मुकाट भरणाऱ्यांसाठी हा बदल मोठा आहे.

कल्याणकारी योजनांतील वसुलीबाबत आधारसामग्री त्रोटक आहे. रफीक मसीहची सूत्रे वेतनापुरती आहेत. लाभार्थ्याला ती आपोआप लागू होत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत वार्षिक २१,००० रुपये उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा आहे. पीएम-किसानमध्ये (२०१९) मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेले, तसेच गट ड वगळता नियमित शासकीय व स्थानिक संस्थांचे कर्मचारी अपात्र ठरतात. दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारेही. शिरोली वा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पगार घेऊन कर भरणारा आणि गावी ऊस लावणारा शेतकरी या अटीत सहज सापडतो. नोटीस तहसील कार्यालयाकडून तलाठ्यामार्फत येते. कोणत्या वर्षाच्या कारणावरून अपात्र ठरवले आणि नेमके कोणते हप्ते परत मागितले आहेत, हे त्यात नसेल तर लेखी मागून घ्यावे. पीएम-किसानची रक्कम त्या योजनेच्या पोर्टलवरूनही भरता येते. पावती जपून ठेवावी.