सफरचंदाची झोपमोड

निफाड-पिंपळगावकडच्या माणसाला झाड झोपतं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना (म्हणजे कोंब फुटतो त्या कळ्यांना) पेस्ट लावायची, म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, कारण द्राक्ष मूळचं थंड मुलखातलं आणि आपल्याकडे त्याला झोपायला लागते तेवढी थंडीच पडत नाही, मग ते धड झोपत नाही आणि धड उठतही नाही, डोळे मागेपुढे फुटत राहतात, म्हणून केमिकल लावून सगळ्यांना एकदम उठवायचं. विदर्भातले संत्रावाले उलटं करतात. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, झाडाला जबरदस्तीने झोपवायचं, आणि ढगाळ उबदार हवा राहिली, मध्येच पाऊस आला की "यंदा ताण बसलाच नाही" असं म्हणत बसायचं.

हे आधी सांगितलं कारण काश्मीरमध्ये बदाम वेळेआधी फुलला, हिमाचलात सफरचंदाच्या कळ्या फेब्रुवारीतच फुगल्या अशा बातम्या आल्या की आपल्यातले बरेच जण म्हणतात, बरंच आहे की, लवकर फूल तर लवकर फळ! तसं नसतं ते.

थंडीचा आणि झाडाच्या उठण्याचा संबंध नीट पुराव्यासकट दाखवला तो अमेरिकेच्या शेती खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी, १९२० मध्ये. ते ब्लूबेरीवर काम करायचे. त्यांच्या लक्षात आलं की हिवाळाभर उबदार काचघरात ठेवलेली झाडं वसंतात सुस्त पडून राहतात आणि बाहेर गारठलेली मात्र मस्त फुटतात. मग एका झाडाची फक्त एकच फांदी थंडीत ठेवली, बाकी झाड उबेत, तर फुटली ती एवढी फांदीच. म्हणजे हिशोब मुळाशी किंवा खोडाशी कुठे एका जागी नसतो, प्रत्येक डोळा आपापली थंडी स्वतः मोजतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण यात मशीन नाही की काही नाही, एक फांदी आणि एक हिवाळा, बस.

पुढे त्या मोजण्याला आकडे आले. पीचवर काम करणाऱ्या वाइनबर्गर यांच्या १९५० च्या कामामुळे ७.२ अंश सेल्सिअसच्या खालचे तास मोजायची पद्धत रुळली, त्यालाच चिलिंग अवर्स म्हणतात. १९७४ मध्ये युटामधल्या संशोधकांनी त्यात सुधारणा केली, की मधल्या गरम तासांमुळे जमवलेली थंडी वजा होते. नंतर इस्राएलमधून १९८७ मध्ये आणखी बारीक हिशोब आला, ऊन फक्त अर्धवट जमलेली थंडी पुसतं, एकदा पक्की झालेली पुसत नाही. इस्राएलवाल्यांनाच हे सुचावं यात नवल नाही, तिकडे हिवाळ्यातही ऊन तापतं.

तर झाडाचे दोन हिशोब असतात आणि इथेच सगळे गोंधळतात. पहिला थंडीचा. तो पुरा होईपर्यंत कितीही ऊन पडू दे, निरोगी झाड हलत नाही. तो पुरा झाला की दुसरा सुरू होतो, उबेचा, आणि मग प्रत्येक गरम दिवस कळीला पुढे ढकलतो. हिवाळा सुरुवातीपासूनच कोमट असला तर पहिला हिशोब अपुरा राहतो, फूल उशिरा, तुटक, काही डोळे फुटतच नाहीत. पण डिसेंबर-जानेवारीत कडक थंडी पडून गेली आणि फेब्रुवारीत एकदम ऊन तापलं, तर झाडाला वाटतं झाला वसंत. लवकर जाग येते ती ही अशी.

जाग आली म्हणून लगेच काही बिघडत नाही, बिघडतं ते नंतरच्या थंडीने. गाढ झोपेतली सफरचंदाची कळी उणे २० अंशांच्या आसपासही टिकून राहते. टोक रुपेरी झालं की ती ताकद उणे ९ च्या आसपास येते. आणि पूर्ण फुललेल्या फुलाला उणे २ पुरतं, उणे ४ च्या आसपास गेलं तर दहातली नऊ फुलं खलास, मधला भाग काळा पडतो, पाकळ्या मात्र दिसायला छानच राहतात. म्हणजे मार्च-एप्रिलमधली साधी रात्र, जी दरवर्षी यायची आणि कोणी लक्षही द्यायचं नाही, तीच जीवघेणी होते. रात्र तीच, झाड पुढे गेलेलं.

याची सगळ्यात भयंकर उदाहरणं दोन. अमेरिकेत मिशिगनला मार्च २०१२ मध्ये अनेक दिवस २५ अंशांच्या वर ऊन पडलं, तिथे मार्च म्हणजे थंडीच, सगळ्या बागा जाग्या झाल्या आणि एप्रिलमध्ये पाठोपाठ दहिवर (गोठलेलं दव) पडलं, आंबट चेरी आणि सफरचंद जवळपास नव्वद टक्के गेलं. आणि फ्रान्स, २०२१. मार्चअखेर उन्हाळ्यासारखं ऊन, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शून्याच्या बऱ्याच खाली. द्राक्षमळ्यांत रात्रभर मेणबत्त्या पेटवल्या होत्या, त्याचे फोटो सुंदर म्हणून फिरले, ज्यांचे मळे होते त्यांना विचारा. नंतर शास्त्रज्ञांनी हिशोब केला तर तापमानवाढीमुळे असं नुकसान होण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांनी वाढली होती. जग तापतंय म्हणून दहिवराने नुकसान जास्त, ऐकायला उलटं वाटतं पण वरचे दोन हिशोब समजले की सरळ आहे.

आता आपल्या हिमालयाकडे येऊ. हिमाचलात साहेबांच्या बागा आधीपासून होत्या, कुलूजवळ बंदरोलला कॅप्टन ली यांनी १८७० मध्ये लावलेली बाग प्रसिद्ध आहे, पण ती सफरचंदं आंबट, इंग्रजांच्या जिभेची. आज जो सगळा सफरचंदाचा पट्टा दिसतो तो सॅम्युएल स्टोक्स या माणसामुळे. फिलाडेल्फियाच्या श्रीमंत घरातला मुलगा, १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला आला तो इथलाच झाला, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेला, १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाला. त्याने १९१६ मध्ये सिमल्याच्या पुढे कोटगढ-ठाणेधारला अमेरिकेतल्या मिझुरीच्या स्टार्क ब्रदर्स नर्सरीतून रेड डिलिशसची रोपं आणली. गोड, लालभडक, लांबट. बाजाराने डोक्यावर घेतली, गावंच्या गावं बटाटा-धान्य सोडून सफरचंदाकडे वळली.

पण ते रेड डिलिशस मुळात आयोवातलं, जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेलं, त्याने ते दोनदा छाटून टाकलं तरी पुन्हा फुटलं असं सांगतात. आयोवा म्हणजे हाडं गोठवणारा हिवाळा. त्या झाडाला साधारण हजार ते बाराशे तास थंडी लागते. १९१६ मध्ये कोटगढला तेवढी आरामात मिळायची, त्यामुळे हा आकडा कोणी विचारलाच नाही. शंभर वर्षं एकाच जातीवर (आणि तिच्याच भावंडांवर) बागा वाढत गेल्या, आणि आज अडचण होते ती इथेच. परत हे झाड स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, शेजारी गोल्डनसारखी दुसरी जात लागते आणि दोघांनी एकाच वेळी फुलावं लागतं. हिवाळा बिघडला की एक फुलतं, दुसरं झोपलेलं. त्यात हवा गार असेल तर मधमाशी पेटीबाहेर पडत नाही, म्हणजे भाड्याने आणलेल्या पेट्यांचे पैसेही गेलेच.

काश्मीरचं गणित थोडं वेगळं. तिथे २१ डिसेंबरपासून चिल्लई कलां हे चाळीस दिवस, मग वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा चिल्लई बच्चा, असं थंडीचं पंचांगच आहे, आपल्याकडे नक्षत्रांवर पाऊस मोजतात तसं. थंडीचा पहिला हिशोब तिथे सहसा पुरा होतो, धोका दुसऱ्याचा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं, २०२५ मध्ये तर खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. बर्फ नसला की जमीन लवकर तापते, वितळून मुरणारं पाणीही नाही. पहाडी शेतकरी बर्फाला सफेद खाद म्हणतात ते उगाच नाही.

लोक हातावर हात ठेवून बसलेत असं नाही. कुलू खोऱ्यातल्या खालच्या गावांनी सफरचंद काढून डाळिंब, भाजीपाला लावला, डाळिंब म्हटल्यावर सांगोल्याच्या माणसाने कान टवकारायला हरकत नाही. सफरचंद वर सरकत लाहौल-स्पितीपर्यंत गेलं. बाकीच्या बागांत 'गाला'सारख्या कमी थंडीवर भागणाऱ्या सफरचंदाच्या जाती येताहेत. पण कमी थंडी लागणारं झाड म्हणजे लवकर उठणारं झाड, त्यामुळे उंचावर ते लावलं तर दहिवराचा धोका उलट वाढतो, हे नर्सरीवाले फार सांगत नाहीत. जिथे दहिवर पडतच नाही तिथे मात्र ते चालतं.

आणि अशा कमी थंडीवाल्या जातींतली भारतातली सगळ्यात गाजलेली जात कुठल्या संशोधन केंद्रात जन्मलेली नाही. हिमाचलातल्याच बिलासपूर जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, हरिमन शर्मा यांनी १९९८ मध्ये घरी खायला सफरचंदं आणली आणि बिया परसात फेकून दिल्या. पुढच्या वर्षी एक रोप उगवलेलं दिसलं, ते त्यांनी जपलं. त्याचीच कलमं एचआरएमएन-९९ नावाने देशभर गेली, महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी लावलीत. फळ जूनमध्येच येतं, पहाडावरचा माल बाजारात यायच्या आधी.