लाल राज्य वेगळं, ग्रामीण अमेरिका वेगळी

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो लाल-निळा नकाशा येतो आणि त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘मधली लाल अमेरिका खेड्यांची, कडेची निळी अमेरिका शहरांची.’ हेच वाक्य मी मराठी वाहिन्यांवरच्या चर्चांत ऐकलंय, लेखांत वाचलंय. इलिनॉयमध्ये इतकी वर्षं राहून आणि मतदान करून आता ते वाचलं की त्रास होतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक कालवलेल्या असतात: राज्याचा रंग आणि वस्तीची दाटी.

राज्यांचे रंग तुम्हाला माहीत आहेत, त्यामुळे ते दोन ओळींत उरकते. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. हे रंगही २००० च्या निवडणुकीनंतर पक्के झाले; १९८० साली एनबीसी या वाहिनीच्या नकाशावर रिपब्लिकन रेगन यांची राज्यं निळी होती. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्याची राज्यात आघाडी, त्यालाच त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी, प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेली मतं. म्हणून अख्खं टेक्सास लाल आणि अख्खं कॅलिफोर्निया निळं रंगवतात.

खरी गडबड इथून पुढे सुरू होते. २०२० साली रिपब्लिकन ट्रम्प यांना सगळ्यांत जास्त मतं कुठल्या राज्यात पडली? कॅलिफोर्नियात. ६० लाखांच्या वर, म्हणजे टेक्सासपेक्षाही जास्त. आणि त्याच वर्षी ‘लाल’ टेक्सासमधली ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो ही चारही मोठी शहरं डेमोक्रॅट बायडेन यांच्या बाजूने गेली. राज्याचा रंग म्हणजे बेरजेचं उत्तर. बेरजेत काय काय होतं, ते उत्तरावरून कळत नाही.

याहून चांगला दाखला हवा असेल तर व्हरमाँट आणि युटा शेजारी शेजारी ठेवा. जनगणनेच्या हिशेबाने व्हरमाँट हे देशातलं सर्वांत ग्रामीण राज्य, जवळपास ६५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. तिथे २०२० साली बायडेन यांना ६६ टक्के मतं पडली. युटामध्ये जवळपास ९० टक्के लोक शहरी भागात राहतात, आणि १९६४ नंतर त्या राज्याने एकदाही डेमोक्रॅट उमेदवार निवडलेला नाही. म्हणजे ‘ग्रामीण राज्य लाल, शहरी राज्य निळं’ हा नियम इथे सपशेल आपटतो.

पण आता दोन्ही राज्यांच्या आत डोकावा. व्हरमाँटमधली सर्वांत कमी वस्तीची काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) एसेक्स. ती ट्रम्पकडे गेली. युटातली सर्वांत दाट वस्तीची सॉल्ट लेक काउंटी बायडेनकडे गेली. राज्य निळं असो की लाल, त्याच्या आत वस्ती विरळ होत जाते तशी मतं रिपब्लिकनांकडे सरकतात आणि दाट होत जाते तशी डेमोक्रॅटांकडे. ग्रामीण-शहरी भेद म्हणतात तो हा. तो राज्याराज्यांमध्ये नाही, प्रत्येक राज्याच्या पोटात आहे. हे एकदा लक्षात आलं की ‘दक्षिणेतले लोक सनातनी आणि किनाऱ्यावरचे पुढारलेले’ ही सगळी स्पष्टीकरणं अपुरी पडतात. स्पष्टीकरण असं हवं, जे व्हरमाँटलाही लागू पडेल आणि युटालाही.

मी शिकागोच्या उपनगरात राहते. इथून शँपेन या विद्यापीठाच्या गावी जायचं तर आय-५७ या महामार्गाने दोन-अडीच तास लागतात. शिकागोची कुक काउंटी निळी. पुढे मका आणि सोयाबीन सुरू होतं. डोळ्यांच्या रेषेत फक्त धान्याच्या उंच कोठ्या, पाण्याच्या टाकीवर रंगवलेलं गावाचं नाव आणि पवनचक्क्या. ही इरोक्वॉय काउंटी. इथे चारांपैकी साधारण तीन मतं ट्रम्पना. मग अर्ध्या-पाऊण तासात त्याच मक्याच्या मधोमध शँपेन येतं आणि तिथे दहातली सहा मतं बायडेनना. माती तीच, हवा तीच, राज्य तेच. मधे विद्यापीठ आलं, एवढाच फरक. शिकागो सोडून उरलेल्या इलिनॉयला इथे ‘डाऊनस्टेट’ म्हणतात. तिथल्या अनेक काउंट्यांनी गेल्या काही वर्षांत शिकागोपासून वेगळं होण्याच्या बाजूने सल्लागार, म्हणजे बंधनकारक नसलेली, सार्वमतं घेतली आहेत. नकाशावर मात्र आम्ही सगळे एकाच निळ्या रंगात.

आणखी एक शब्द मला खटकतो: ‘खेडी’. रूरल अमेरिका म्हणजे ‘खेड्यापाड्यातली अमेरिका’ असं भाषांतर केलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर पार, चावडी आणि चिकटून उभी असलेली घरं येतात. मिडवेस्टमध्ये, म्हणजे इलिनॉयसारख्या मध्य-उत्तरेकडच्या राज्यांत, जमीन चौकोन पाडून विकली गेली. आणखी पश्चिमेला १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६०-१६० एकर वाटली गेली. त्यामुळे शेतकऱ्याचं घर त्याच्या स्वतःच्या रानात. आपल्याकडे एखादं कुटुंब मळ्यात वस्ती करून राहतं तसं, फक्त मागे गावठाण नाही. शेजारचं घर दिसतं, पण हाकेच्या अंतरावर नसतं.

आणि ग्रामीण म्हणजे शेतकरी, हे तर मुळीच नाही. भारताच्या जनगणनेत एखादी वस्ती शहर ठरायला ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर असावे लागतात. म्हणजे शेती आपल्या व्याख्येतच आहे. अमेरिकेच्या व्याख्येत शेतीचा उल्लेखही नाही. वस्तीत ५,००० माणसं किंवा २,००० घरं असली की शहरी, नाहीतर ग्रामीण. देशातले साधारण २० टक्के लोक असे ग्रामीण ठरतात, आणि प्रत्यक्ष शेतावरच्या नोकऱ्या देशात दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. ग्रामीण मतदार म्हणजे बहुधा नर्सिंग होममधली नर्स, ट्रकचालक, तुरुंगातला पहारेकरी, मांस कापण्याच्या कारखान्यातला कामगार. हमीभावाच्या चष्म्यातून त्यांच्या मताकडे बघून काहीही हाती लागत नाही.

मग हा फरक येतो कुठून? सर्वांत मोठा वाटा ‘कोण राहतं आणि कोण निघून जातं’ याचा. ग्रामीण भागात गोऱ्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त, वयही जास्त, चर्चशी नातं घट्ट. पदवीधर शहरांत तिघांत एकाहून अधिक, ग्रामीण भागात पाचांत एकाच्या आसपास. आणि गेल्या तीस वर्षांत अमेरिकेत पदवी हीच मताची मोठी खूण झाली आहे, विशेषतः गोऱ्यांमध्ये. बारावीनंतर शँपेनला शिकायला गेलेली इरोक्वॉयमधली मुलगी परत येऊन करणार काय? तिच्या शिक्षणाची नोकरी शिकागोत. ती गेली, तिचं मतही गेलं आणि मागे राहिलेल्यांचं प्रमाण आपोआप बदललं. कुणाचंही मन न बदलता काउंटी आणखी लाल झाली.

पण सगळं यावर ढकलून मोकळं होता येत नाही. विरळ वस्तीतलं रोजचं जगणंही माणसाला काही शिकवतं. घरात चोर शिरला तर शेरिफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची, गाडी यायला अर्धा तास लागतो, तिथे बंदूक हे घरातलं अवजार असतं. शिकागोच्या दक्षिण भागातल्या आईला बंदूक म्हटलं की रस्त्यावर गोळी लागलेला शेजारचा मुलगा आठवतो. कायदा एकच, पण तो या दोन्ही घरांत वेगवेगळ्या दाराने शिरतो. पाणी स्वतःच्या विहिरीचं, मैला स्वतःच्या सेप्टिक टाकीत, बर्फ स्वतःच्या ट्रॅक्टरने काढायचा. अशा घराला सरकार बहुतेक वेळा नियम किंवा कर म्हणून भेटतं. शहरात तेच सरकार रोज सकाळी लोकल, कचऱ्याची गाडी आणि बाग म्हणून भेटतं. ग्रामीण भागाला सरकारी पैसा कमी जातो असं नाही. पीकविम्याची मोठी सबसिडी, वृद्धांचं पेन्शन, वृद्धांचा आरोग्यविमा, सगळं तिथे पोचतं. पण तो पैसा खात्यात जमा होतो, रस्त्यावर दिसत नाही.

‘शेतात राहिलं की माणूस रिपब्लिकन होतो’ असंही कुणी समजू नये. अलाबामात ‘ब्लॅक बेल्ट’ नावाचा पट्टा आहे. नाव मुळात जमिनीवरून पडलं: काळी, कसदार, कापसाची जमीन. विदर्भातल्या वाचकाला ती लगेच ओळखीची वाटेल. कापूस म्हणून गुलाम आणले गेले, आणि त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. तिथल्या मेकन काउंटीत बायडेन यांना दहातली आठ मतं पडली. साउथ डकोटातली ओग्लाला लकोटा काउंटी म्हणजे मोकळं माळरान आणि मूळ अमेरिकन लोकांची राखीव भूमी. तीही वर्षानुवर्षं गडद निळी. ‘ग्रामीण मत’ असं बेधडक म्हणणारे बहुतेकदा ‘ग्रामीण गोऱ्यांचं मत’ असं म्हणत असतात. मग तसं स्पष्ट म्हणावं.

शिवाय ग्रामीण गोऱ्यांचं मतही असं कायमचंच नव्हतं. १८९६ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू घेऊन अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट म्हणून उभे राहिले. १९३५ साली डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, तेव्हा देशातल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. ती आणणाऱ्या पक्षाला त्या घरांनी पिढ्यान् पिढ्या मतं दिली. कोळशाच्या वेस्ट व्हर्जिनियाने १९८८ साली देशभर हरणाऱ्या डेमोक्रॅट डुकाकिसनाही जिंकवलं होतं आणि १९९६ साली डेमोक्रॅट क्लिंटननाही. २०१६ साली त्याच राज्यात ट्रम्पना ६८ टक्के मतं.

केंटकीतली एलियट काउंटी मी या विषयावर बोलताना दर वेळी सांगते. जेमतेम सात-आठ हजारांची वस्ती, जवळजवळ सगळी गोरी. १८७२ ते २०१२ प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट. २००८ साली ओबामांना तिथे ६१ टक्के मतं पडली होती. २०१६ साली ट्रम्पना ७० टक्के. आठ वर्षांत वस्ती बदलली नाही, धर्म बदलला नाही. दरम्यान खाण कामगारांच्या युनियनी क्षीण झाल्या होत्या, १९९४ चा नाफ्टा हा कॅनडा-मेक्सिकोशी मुक्त व्यापाराचा करार आणि २००१ साली चीनचा जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश यांनी छोट्या गावांतले कारखाने हलवले होते, स्थानिक वर्तमानपत्रं एकेक करून बंद पडली होती. ओळखीचा आमदार, ओळखीचा युनियन नेता हा दुवा तुटला आणि मतदाराच्या घरात पक्ष पोचू लागला तो थेट राष्ट्रीय वाहिनीवरून. तिथे डेमोक्रॅट पक्षाचा चेहरा शहरी, पदवीधर आणि त्याच्यापासून लांबचा होता. आजची दरी मुख्यतः १९९० नंतरची आहे. ती ‘परंपरेने चालत आलेली’ आहे असं लिहिणाऱ्यांनी एलियटचे आकडे पाहावेत.

उपनगरांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतले बहुसंख्य मराठी लोक ना शिकागोच्या मध्यात राहतात, ना इरोक्वॉयमध्ये. ते एडिसन, नेपरव्हिल, फ्रिस्को अशा ठिकाणी राहतात, आणि खरी चुरस तिथेच असते. नेपरव्हिलचा मोठा भाग ज्या ड्युपेज काउंटीत येतो, ती २००८ पर्यंत रिपब्लिकनांचा गड होती. आज नाही.

शेवटचा मुद्दा काउंटीचा, कारण लाल-निळा नकाशा काउंट्यांचा असला की आपल्याकडे तो विधानसभेच्या निकालासारखा वाचला जातो. काउंटी हा मतदारसंघ नाही. ती जिंकून एकही जागा मिळत नाही. मतं राज्यभर एकत्र मोजतात. त्यामुळे ग्रामीण काउंटी कोण जिंकलं यापेक्षा किती फरकाने जिंकलं हे महत्त्वाचं. पेनसिल्व्हेनियात ६७ काउंट्या आहेत. २०१६ साली ट्रम्प तिथे फक्त ४४ हजार मतांनी जिंकले. २०२० साली बायडेन ६७ पैकी १३ काउंट्या जिंकून राज्यात ८० हजारांनी पुढे राहिले. त्या वर्षी फुल्टन या छोट्या डोंगरी काउंटीत ट्रम्पना ८५ टक्के मतं होती, नकाशावर ती गडद लाल आहे. तिथे बायडेन यांना पडलेली हजारभर मतं फिलाडेल्फियाच्या मतांत मिळवूनच ती ८० हजारांची आघाडी झाली.