दात काढले, डोकेदुखी राहिली

१९१० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी एक भाषण केलं. दातांवरच्या सोन्याच्या टोप्या आणि ब्रिजखाली पू साठतो आणि तिथला जंतुसंसर्ग साऱ्या शरीराला भोवतो, असा त्यांचा आरोप होता. या विचाराने पुढे 'फोकल इन्फेक्शन' या नावाने जोर धरला. सांधे धरलेले असोत, अशक्तपणा असो की वर्षानुवर्षांची डोकेदुखी, कारण सापडलं नाही की संशय दातांवर जाई. धडधाकट दातही उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी तर मानसिक आजारावरचा इलाज म्हणून रुग्णांचे दात काढले आणि पुढे टॉन्सिल, मोठं आतडं इथपर्यंत मजल मारली. त्यात अनेकांचा जीव गेला. १९३८ मध्ये अमेरिकी डॉक्टर रसेल सेसिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने संधिवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास मांडला, तेव्हा या मताला मोठा धक्का बसला. सेसिल स्वतः पूर्वी याच मताचे होते, म्हणून त्यांची साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

तरीही दात आणि डोकेदुखीचा संबंध खोटा नव्हता. दात, हिरड्या, जबडा, कपाळ आणि मेंदूची आवरणं यांच्या वेदना मुख्यतः एकाच ट्रायजेमिनल मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. या वाटा आत एकमेकींत मिसळत असल्याने दुखणं नेमकं कुठलं, हे मेंदूला नीट कळत नाही. वरच्या दाढेचा ठणका कानशिलात जाणवतो, खालच्या दाढेचा कानात. उलटही होतं: अर्धशिशीची कळ दातात उतरते आणि माणूस निरोगी दाढेचं रूट कॅनाल करून बसतो.

१९३४ साली सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी ११ रुग्णांवरून नवी मांडणी केली. मागच्या दाढा गेल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, कानापुढचा सांधा मागे दाबला जातो आणि त्यातून कान व डोकं दुखतं, असं ते म्हणाले. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की कॉस्टन सांगतात तसा दाब तिथल्या रचनेत पडूच शकत नाही. पण तोवर दातांची उंची वाढवणं, दात झिजवून चावा 'जुळवणं' हे उपचार रुळले होते आणि ते पुढे कित्येक दशकं चालले. झिजवलेला दात पुन्हा भरून येत नाही, हे लक्षात घेतलं की या काळाची किंमत कळते.

लक्ष हळूहळू स्नायूंकडे वळलं. दोन बोटं कानशिलावर ठेवून दात घट्ट आवळा. बोटांखाली जो फुगवटा येतो, तो चावण्याचा स्नायू. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांचा किंवा दिवसा काम करताना नकळत जबडा आवळून धरणाऱ्यांचा हा स्नायू दुखू लागतो आणि ते दुखणं डोकेदुखी म्हणूनच जाणवतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी १९५० च्या दशकात ही बाजू मांडली, १९६९ मध्ये डॅनिएल लॅस्किन यांनी ती पक्की केली. मानसिक ताणाचा विचारही इथूनच नीट सुरू झाला. मधल्या काळात, विशेषतः १९८० च्या दशकात, जबड्याच्या सांध्यात टेफ्लॉनचे तुकडे बसवले गेले. ते झिजून आजूबाजूचं हाड खाऊ लागले आणि रुग्णांचे हाल झाले.

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणात, म्हणजे २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत, दातांमुळे होणारी आणि जबड्याच्या विकारामुळे होणारी डोकेदुखी यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. दोन्हींसाठी पुरावा मागितला जातो: दुखणं त्या विकारासोबत सुरू झालं का, त्याच्याबरोबर वाढलं-कमी झालं का, दात किंवा स्नायू दाबल्यावर किंवा जबडा हलवल्यावर तेच दुखणं उमटतं का. जबड्याच्या तक्रारींत उपचारही आता परत फिरवता येणाऱ्या उपायांनी सुरू करतात: जबडा सैल ठेवण्याची सवय, व्यायाम, शेक, गरज पडली तर रात्री दातांवर घालायची पट्टी.