भिंतीआड गेल्यावरही गोळी का लागते?

"मी भिंतीमागं गेलतो बे, तरी मेलो कसा?" जुळे सोलापुरात संध्याकाळी पोरं कट्ट्यावर मोबाइलवर नेमबाजीचा ऑनलाइन खेळ खेळत बसली, की हे वाक्य ऐकू येतंच. समोरच्यावर लबाडीचा संशयही लगेच घेतला जातो. पण पुष्कळदा लबाडी कुणीच केलेली नसते. दोघांनी आपापल्या पडद्यावर पाहिलेलं दोन्ही खरं असतं आणि सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांचा खेळ जोडणाऱ्या दूरच्या संगणकाला, त्यातलं एक निवडावं लागतं.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर-मुंबई रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर. म्हणजे मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला ४ मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर नुसत्या अंतरापायी ४० मिलिसेकंद तरी जातात. त्यात टॉवरशी होणारी देवाणघेवाण आणि वाटेतल्या राउटरांवरचा (डेटा पुढे धाडणाऱ्या यंत्रांवरचा) खोळंबा मिळवायचा. इकडे फोनला सेकंदाला ६० चित्रं काढायची असतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. प्रत्येक चित्रासाठी सर्व्हरला विचारत बसणं शक्यच नाही.

म्हणून काम वाटून घेतात. चित्र, आवाज, उडणारी धूळ, हलणारी पानं हे सगळं फोन स्वतः करतो. ही धूळ तुमच्या आणि मित्राच्या पडद्यावर वेगवेगळी उडते, पण त्याने काही बिघडत नाही. कोण कुठे उभा आहे, गोळी लागली का, किती जीव उरला, याचा हिशेब मात्र सर्व्हरकडे. फोनच्या शब्दावर हे सोडलं, तर कुणीही आपल्या फोनमधल्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून "माझा जीव संपतच नाही" असं कळवू शकेल.

ही वाटणी सुरुवातीला फारच एकतर्फी होती. १९९६ साली आलेल्या 'क्वेक' या संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळात खेळाडूचा संगणक बटणं सर्व्हरला कळवायचा आणि उत्तर आल्यावरच पात्र हलवायचा. एकाच खोलीतल्या नेटवर्कवर हे झकास चालायचं, पण फोनच्या तारेवरून नेट जोडणाऱ्या मोडेमवर बटण दाबलं तरी पाऊल पडायला वेळ लागे. त्याच वर्षी 'क्वेक'चे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी 'क्वेकवर्ल्ड' या त्याच्या इंटरनेटसाठीच्या आवृत्तीत त्यावर तोड काढली: संगणकाने सर्व्हरची वाट न पाहता आपलं पात्र अंदाजाने लगेच पुढे न्यायचं. आज प्रत्येक हालचालीला क्रमांक असतो. सर्व्हर कळवतो, "अमुक क्रमांकापर्यंतचं धरलं, तू इथे आहेस." फोन ती जागा पक्की धरतो आणि त्यापुढच्या हालचाली पुन्हा करून पाहतो. जागा जुळली तर आपल्याला पत्ताही लागत नाही, नाही जुळली तर पात्र झटक्याने मागे खेचलं जातं. मला या विषयातली सगळ्यात देखणी युक्ती हीच वाटते.

स्वतःच्या पात्राचा अंदाज बांधता येतो, कारण बटण आपणच दाबलेलं असतं. दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे फोनला कसं कळणार? म्हणून इतर खेळाडू आपल्याला थोडे जुने दिसतात. सर्व्हरकडून तुटक तुटक येणाऱ्या दोन जागांमधली वाट फोन भरून काढतो आणि त्यासाठी मुद्दाम थोडा मागे राहतो. काही खेळांत हा उशीर १०० मिलिसेकंदांचा असतो. वाटेतला वेळ धरून तो १५० झाला, तर सेकंदाला ५ मीटर पळणारा माणूस तेवढ्यात पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. भिंतीआड जायला तेवढं पुरतं.

आता नेमबाजाने गोळी झाडली. त्याच्या पडद्यावर तुम्ही उघड्यावर होता, नेमही अचूक होता. सर्व्हर सगळ्यांच्या मागच्या साधारण सेकंदभराच्या जागा लक्षात ठेवतो. गोळीची खबर आली, की तो घड्याळ मागे फिरवतो, त्या क्षणी नेमबाजाला तुम्ही जिथे दिसत होता तिथे तुम्हाला उभं करतो आणि तपासतो. गोळी लागते. ही बातमी तुमच्यापर्यंत येईतो तुमच्या पडद्यावर तुम्ही भिंतीआड पोचलेले असता.

यात अन्याय आहेच. पण घड्याळ मागे फिरवलं नाही, तर प्रत्येकाला दिसणाऱ्या माणसाच्या पुढे, मोकळ्या जागेत नेम धरावा लागेल. अधूनमधून होणारा अन्याय पत्करून रोजचा नेम खरा ठेवणं, हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र मागे जाण्याला मर्यादा हवी, नाहीतर एकाच्या रडत चालणाऱ्या नेटची शिक्षा बाकी सगळे भोगतात.

लबाडीचा धोकाही याच वाटणीत आहे. भिंतीमागचा शत्रू कुठे आहे हे फोनला आधीच कळवलं, तर चोरटा प्रोग्रॅम ते वाचून दाखवतो. म्हणून २०२० च्या 'व्हॅलोरंट' या नेमबाजीच्या खेळात शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा कळवतच नाही.

वाटणीची अगदी वेगळी तऱ्हाही आहे. १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स' या सैन्य लढवण्याच्या खेळात संगणक एकमेकांना फक्त हुकूम पाठवत आणि सगळी लढाई प्रत्येक जण स्वतः, तंतोतंत सारखी मोजे. त्यामुळे २८.८ किलोबिटच्या मोडेमवर शेकडो सैनिक लढू शकत. सैन्याने पाव सेकंद उशिरा हुकूम पाळला तरी कुणाला खटकत नसे. नेमबाजीत हे चालणार नाही.

नेट घेताना आपण एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो ते विचारतो, पण अशा खेळाला डेटा थोडाच लागतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, बघा आणि ते किती हेलकावे खातंय तेही बघा. कायम ६० वर राहणारं पिंग २० वरून २०० वर उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा बरं, कारण स्थिर उशिराचा हिशेब सर्व्हर आणि फोन दोघांनाही धरता येतो.