इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेल्या आणि तारेच्या कंपनापासून विद्युत संकेत तयार करणाऱ्या उपकरणाला पिकअप म्हणतात. कायम चुंबक आणि त्याभोवती सुमारे ०.०६ मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची रचना. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरली की ते क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. नायलॉनच्या तारा लावल्या तर तो मुकाच राहतो.

१९३१ साली जॉर्ज बीचम यांनी लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या) गिटारसाठी नालाच्या आकाराच्या चुंबकांचा पिकअप बनवला आणि रिकनबॅकर कंपनीच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारवर तो बाजारात आला. त्यानंतरची बरीच वर्षे पिकअप म्हणजे एकच वेटोळे, अर्थात सिंगल कॉइल. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर ऊर्फ स्ट्रॅट गिटारवर (१९५४) असे तीन पिकअप आहेत. त्यांचा आवाज स्वच्छ, टोकदार. तारेवर प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पट्टी) पडल्याचा क्षण ठळक ऐकू येतो. दोष एकच, पण मोठा: हे वेटोळे अँटेनासारखे वागते आणि आसपासच्या वीजवाहिन्यांची गुणगुणही पकडते.

त्यावरचा तोडगा म्हणजे हमबकर. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वेटोळ्यांपैकी एकाची दिशा उलटी आणि त्याच्या चुंबकाचा ध्रुवही उलटा. बाहेरची गुणगुण दोन्हींत परस्परविरुद्ध येऊन विरते, तारेचा संकेत मात्र दोनदा उलटल्यामुळे एकमेकांत मिळतो. सुरुवातीची काही वर्षे पिकअपच्या तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, असे सांगणारी चिठ्ठी चिकटवत. तिच्या आद्याक्षरांवरून त्या पिढीला ‘पीएएफ’ नाव पडले. दोन वेटोळी तारेचा रुंद भाग एकदम टिपत असल्याने वरचे काही स्वरांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूर) आपसांत कटतात आणि आवाज भरीव, काहीसा गोल होतो. गिब्सनचाच १९४६ सालचा पी-९० या दोहोंच्या मधला: सिंगल कॉइलच, पण वेटोळे रुंद, आवाज दाणेदार आणि थोडा उद्धट.

पिकअप निवडताना सर्वांत जास्त पाहिला जाणारा आकडा म्हणजे वेटोळ्याचा रोध: जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटचा साधारण ६ किलोओहम, पीएएफचा ७ ते ९, ‘हॉट’, म्हणजे जास्त वेढ्यांच्या जोरकस पिकअपचा १२ च्या पुढे. या आकड्याला मिळणारा मान त्याच्या लायकीपेक्षा जास्त आहे. अधिक बारीक तार वापरली की वेढे न वाढवताही रोध वाढतो, म्हणून वेगळ्या जातीच्या दोन पिकअपची तुलना त्यावरून होत नाही. आवाज ठरतो तो मुख्यतः प्रवर्तकतेवर (इंडक्टन्स). वेढे वाढले की ती वाढते. वेटोळ्याची स्वतःची आणि केबलची धारकता (कपॅसिटन्स) तिच्याशी मिळून एका विशिष्ट वारंवारतेवर अनुनाद देते, म्हणजे तिथे संकेताचे शिखर येते. त्या शिखराच्या वरचे स्वरांश झपाट्याने गळतात. शिखर ४–५ किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर आवाज चमकदार, २–३ वर उतरले तर जाड आणि मध्यमप्रधान. ‘हॉट’ पिकअप जोरकस असूनही मंद का वाटतो, ते यावरून कळते. लांब केबल लावल्यावर चमक कमी होते त्याचेही कारण हेच. व्हॉल्यूमच्या पॉटचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधाचा) परिणामही इथेच दिसतो: सिंगल कॉइलला २५० किलोओहम आणि हमबकरला ५०० किलोओहम हा प्रघात आहे, पॉट लहान तितके शिखर बोथट.

चुंबकाविषयी बरेच बोलले जाते. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्टचा मिश्रधातू) २ मऊ, अल्निको ५ खणखणीत, सिरॅमिक कर्कश, हे वर्णन ढोबळमानाने चालेल, पण चुंबक बदलताना वेढेही बदललेले असतील तर फरकाचे श्रेय कुणाला द्यायचे हे सांगता येत नाही.

जागेचा परिणाम मात्र वादातीत आहे. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तार कमी झुलते आणि तिच्यात वरचे स्वरांश तुलनेने अधिक असतात. म्हणून तिथला आवाज बारीक, धारदार असतो आणि त्या जागेच्या पिकअपला बहुधा जास्त वेढे देतात. नेककडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, मूळ स्वर बलवान. तारेच्या लांबीच्या बरोबर चतुर्थांशावर पिकअप असेल, तर मोकळ्या तारेचा चौथा स्वरांश त्याला जवळजवळ दिसतच नाही, कारण तिथे त्याचा निस्पंद बिंदू येतो. तीच तार एखाद्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली की हिशेब बदलतो.

नवा पिकअप घेण्याआधी स्क्रू ड्रायव्हर हाती घेणे शहाणपणाचे. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिच्यात आणि चुंबकाच्या माथ्यात सिंगल कॉइलला दोन ते अडीच मिमी अंतर ठेवून सुरुवात करतात. जाड तारांच्या बाजूला किंचित जास्त. पिकअप फार वर आणला तर आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला ओढतो, झंकार लवकर विझतो आणि जाड तारेवरचे वरच्या फ्रेटचे स्वर बेसूर, हेलकावे खाणारे निघतात. अशा गिटारचे सूर जुळत नाहीत म्हणून ब्रिजवर तासन्‌तास घालवणारे पुष्कळ असतात.

डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) भरपूर वापरणारे वादक बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीवरचे ॲक्टिव्ह पिकअप पसंत करतात: वेढे कमी, आतच प्रवर्धक, गुणगुण नगण्य आणि केबलच्या लांबीने आवाज फारसा बदलत नाही. स्वच्छ वादनात हाताच्या जोराचे बारकावे त्यांत सपाट होतात, अशी तक्रार असते आणि ती अगदीच निराधार नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एका गिटारवर बसवल्यावर दोन्ही एकत्र चालू करताच आवाज अचानक पोकळ आणि पातळ झाला, तर ते उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाची लाट चढते तेव्हा दुसऱ्याची उतरते, असे समजावे. चार तारांच्या जोडणीच्या हमबकरमध्ये वेटोळ्यांच्या टोकांची अदलाबदल केली की काम होते. जुन्या पद्धतीच्या, विणलेल्या जाळीत एकच तार असलेल्या हमबकरमध्ये मात्र जाळी धातूच्या तळपट्टीला आणि झाकणाला जोडलेली असते. तिथे नुसती अदलाबदल केली, तर झाकणच संकेताच्या बाजूला येते आणि त्याला बोट लागले की गुणगुण सुरू होते.