सात पानं म्हणजे जंगली गुलाब?

“सात पानं दिसली की फांदी जंगली, छाटून टाका.” गुलाब लावणाऱ्याला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. वेली गुलाबाचं त्यानं फार नुकसान होतं. निरोगी, हातभर वाढलेल्या फांद्या उगाच छाटलेल्या पाहिल्या की जीव हळहळतो.

मुळात ती सात पानं नव्हेत, एकाच संयुक्त पानाच्या पर्णिका, म्हणजे त्या एका पानाचे सुटे भाग. कलमासाठी खुंट (ज्यावर चांगला गुलाब जोडतात ते मुळांचं झाड) म्हणून वापरल्या जाणाऱ्या रोझा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाला बहुधा सात किंवा नऊ पर्णिका असतात. पण कित्येक वेली गुलाबांच्या वंशातही हाच मल्टिफ्लोरा आहे! त्यांना सात येणारच.

खरी खूण बुंध्याशी असते. माती जराशी उकरा. डोळा भरलेली, म्हणजे गुलाबाचा अंकुर खुंटावर जोडलेली जागा गाठीसारखी फुगलेली दिसेल. फूट गाठीच्या वर असेल तर ती तुमच्या गुलाबाचीच. खालून असेल तर खुंटाची. ती नुसती कापली तर पुन्हा फुटते, म्हणून बुडापासून ओढून काढा. (फांदी रुजवून केलेल्या झाडाला खुंटच नसतो.)

वरची लांब फांदी मात्र जपा. कुंपणाच्या तारेला आडवी, सैलसर बांधली की तिच्या डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि फुलं फक्त शेंड्याला न लागता कुंपणभर लागतात.